किल्ली कोणाकडे आहे?

"घर आहे का अजून?"

त्या तीन महिन्यांत हे चार शब्द मी इतक्यांदा उच्चारले की पुढे पुढे फोनची रिंग वाजत असतानाच माझा आवाज आपोआप खाली उतरायचा. ऑफिसात मी दिवसभर लोकांशी खणखणीत बोलते. पण हा प्रश्न खणखणीत विचारताच येत नाही. त्यातला 'अजून' फार लाचार आहे. आपल्याला उशीर झालाय हे समोरच्याने म्हणायच्या आत आपणच कबूल करून मोकळे होतो.

निमित्त होतं बाबांच्या गुडघ्याचं. आमचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा आधी रोज एकदा खाली उतरायचे, मग दिवसाआड, मग डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हाच. कठडा धरून ते वर चढत असले की मी दोन पायऱ्या मागे उभी राहायचे, पडलेच तर धरायला. खरं तर ते पडले असते तर आम्ही दोघंही तळाशी पोचलो असतो, पण उभं राहायचं एवढं खरं. तेव्हा तळमजला किंवा लिफ्ट, दोन खोल्या, आणि माझ्या ऑफिसपासून तासाभराच्या आत. बाकी काही मागणी नव्हती.

जाहिरातींना तोटा नव्हता. पहिल्या रविवारी मी चौदा घरं निवडली. हॉलचे फोटो बघून मनातल्या मनात बाबांची खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवलं. मग फोन लावले. नऊ घरं गेलेली होती. तिघांनी फोन उचलला नाही. एका ठिकाणी 'तळमजला' म्हणजे खाली पार्किंग आणि त्याच्यावरचा मजला. आणि एक घर खरंच रिकामं होतं. ते का रिकामं होतं हे बघायला गेल्यावर कळलं.

संध्याकाळी मी कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा बाबांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चौदाच्या चौदा ओळी वाचल्या. "ही सगळी पुस्तकी शिल्लक आहे गं," ते म्हणाले. "रॅकवर जाऊन कोणी बघितलंय का?"

बाबा एकतीस वर्षं एका कारखान्यात स्टोअर कीपर होते. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूच्या दोन शिल्लका असतात, एक पुस्तकातली आणि एक रॅकवरची. रॅकला बिनकार्ड, म्हणजे त्या वस्तूच्या जमाखर्चाचं कार्ड, टांगलेलं असतं. माल आला की जमा, गेला की खर्च, उरलेला आकडा शेवटच्या रकान्यात. दोन्ही शिल्लका जुळायला हव्यात आणि त्या जुळत नाहीत, म्हणून तर वर्षातून एकदा सगळं मोजायला बसतात. बाबांचं म्हणणं असं, की फरक जवळजवळ नेहमी एकाच बाजूने पडतो. माल आल्याची नोंद कधी चुकत नाही, कारण त्यावर पुरवठादाराचं बिल अडकलेलं असतं. तो स्वतः येऊन उभा राहतो. माल गेल्याची नोंद मात्र राहून जाते. रात्रपाळीला कोणीतरी बेअरिंग घेऊन जातो, "स्लिप सकाळी देतो" म्हणतो, आणि सकाळ कधी उजाडत नाही. "पुस्तकात कमी आणि रॅकवर जास्त, असं मी उभ्या नोकरीत दोनदा बघितलं," बाबा म्हणाले. "आणि दोन्ही वेळा चूक मोजणाऱ्याची होती."

घरांचंही हेच. जाहिरात टाकणाऱ्याला गरज असते, म्हणून ती टाकली जाते. काढून टाकण्याची गरज कोणालाच नसते. मालकाला भाडेकरू मिळाला, भाडेकरूला घर मिळालं, एजंटला त्याचे पैसे मिळाले. आता स्लिप द्यायला कोण येणार?

पुढे कधीतरी वाचनात आलं की अर्थशास्त्रात यावर रीतसर लिहिलं गेलंय. आर्नो शेराँ आणि ब्रुनो दक्रूझ या दोघांचा २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. जो बाजारातून निघून गेलाय पण आपली खूण मागे ठेवून गेलाय, त्याला त्यांनी 'फँटम' म्हटलंय. भूतच म्हणा ना. त्यातली मला चटका लावून गेलेली गोष्ट अशी, की ही भुतं लबाडीतून जन्मतात असं ते म्हणत नाहीत. ती व्यवहार जमण्यातूनच तयार होतात. जमलेला सौदा आपली खूण मागे ठेवतो, आणि शोधणारे त्या खुणांच्या मागे धावण्यात वेळ घालवतात. म्हणजे बाजार झोपलेला आहे म्हणून नव्हे, तो जोरात चाललाय म्हणूनही चौदातली नऊ घरं भुतं निघू शकतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "भूतबित काही नाही. नोंद राहिलीय."

पण नोंद राहणं आणि नोंद ठेवणं यात फरक आहे. एक एजंट भला होता, किंवा त्या दिवशी थकलेला होता. त्याने सरळ सांगितलं, "ताई, चांगली जाहिरात उतरवायची नसते. ती फोन आणते." उजेडाचं, हवेशीर, रास्त भाड्याचं घर हे त्याच्या लेखी घर नव्हतंच, तो गळ होता. आपण फोन करायचा, त्याने हळहळत म्हणायचं, "अरेरे, कालच गेलं बघा. पण तसंच दुसरं आहे माझ्याकडे." तीन महिन्यांत मी सहा 'तसंच दुसरं' घरं बघितली. त्यातलं एकही तसं नव्हतं, आणि आपसात मात्र सगळी सारखी होती.

वेबसाइटवर जाहिरातीखाली तारीख असते ना, म्हणाल. असते. '३ तासांपूर्वी' असंही असतं. ते घर तीन तासांपूर्वी रिकामं झालं असा त्याचा अर्थ नाही. कोणीतरी तीन तासांपूर्वी एक बटण दाबलं की जुनी जाहिरात पुन्हा यादीच्या डोक्यावर जाऊन बसते. मी अशाच एका 'आजच्या' घराच्या प्रेमात पडले होते. तळमजला, मोठी खिडकी. फोटो दोन बोटांनी ताणून खिडकीला जाळी आहे का बघत होते, तर बाजूच्या भिंतीवर कॅलेंडर. आणखी ताणलं. अक्षरं फुटली, पण महिना वाचता आला. मार्च. आम्ही नोव्हेंबरात होतो. आठ महिने त्या भिंतीवर मार्चच टांगून ठेवणारं कोणी राहत असेल असं स्वतःला समजावत मी तरीही फोन केला. घर एप्रिलमध्येच गेलं होतं. तेव्हापासून फोटोतल्या खोलीआधी मी भिंती बघते. कॅलेंडर, घड्याळ, खिडकीबाहेरचं झाड. एकच सोफा दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसला तेव्हापासून सोफेसुद्धा बघते.

तर बाबांनी वही केली. दोनशे पानी, रेघा मारलेली. रकाने: पत्ता, कोणाचा नंबर, कधी विचारलं, काय म्हणाले, प्रत्यक्ष पाहिलं का. शेवटचा रकाना अर्थातच शिल्लक. त्यात त्यांनी सरकारी वळणाने लिहायला सुरुवात केली: 'निरंक'. पहिल्या दोन पानांवर त्या रकान्यात दुसरा शब्दच नव्हता.

आणि त्यांनी माझा प्रश्न बदलला.

"'आहे का' असं विचारायचंच नाही," ते म्हणाले. "आमच्याकडेही कोणी फोनवर विचारलं, अमुक पार्ट आहे का, तर पोरं न बघताच 'आहे' म्हणायची. उठावं लागत नाही ना. उठवणारा प्रश्न विचार."

"म्हणजे कुठला?"

त्यांनी जरा विचार केला. "किल्ली कोणाकडे आहे, ते विचार."

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका नंबरवर प्रयोग केला.

"आहे ना मॅडम, अगदी रिकामं आहे. कधी येताय?"

"आज संध्याकाळी येते. किल्ली कोणाकडे असते?"

पलीकडे शांतता. मागे कुठेतरी हॉर्न वाजला. "किल्ली... किल्ली मालकांकडे असेल."

"मालक कुठे राहतात?"

"मॅडम, मी तुम्हाला दहा मिनिटांत फोन करतो."

तो फोन अजून यायचाय.

खऱ्या रिकाम्या घराची किल्ली कुठेतरी असतेच. शेजारच्या काकूंकडे, वॉचमनच्या खोलीत खिळ्याला, एजंटच्या जुडग्यात. ज्याला ते घर ठाऊक आहे तो क्षणभरही अडखळत नाही. आणि घरात अजून कोणी राहत असेल तर उत्तर आणखी भरीव येतं: "किल्ली कसली, माणसं आहेत अजून, तीस तारखेला सोडतायत, सातनंतर या." घर शेवटचं कोणी आणि कधी बघितलं, आत्ता राहणारे का सोडतायत, हे प्रश्न त्यानंतर मी स्वतःच शोधून काढले. पण किल्लीचा प्रश्न बाबांचा. त्याने माझे निम्मे रविवार वाचवले. एका महाभागाने तर आधी पैसे भरा, मग किल्ली कुरियरने पाठवतो असं सांगितलं. मालक परदेशी आहेत म्हणे. बाबांनी त्या ओळीवर लाल पेनने आडवी रेघ मारली. घर बघायच्या आधी पैसा नाही, हा नियम वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहिलेला होता.

'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्ये केवढी वस्ती आहे, तेही त्या वहीमुळे कळलं. बोलणी चाललीत. एक पार्टी बघून गेलीय, उद्या सांगतो म्हणालीय. टोकन आलंय पण अर्धंच. मालकांचं मन होत नाहीये. मालकांच्या मुलाचं मन होत नाहीये. आहे, पण पुढच्या महिन्यात कळेल. 'काय म्हणाले' या रकान्याला बाबांना शेवटी जास्तीची पट्टी चिकटवावी लागली.

एक घर आम्ही दोघांनी मिळून बघायला घेतलं होतं. किल्लीची परीक्षा पास झालेलं. आम्ही पोचलो तेव्हा दाराशी टेम्पो उभा. दोन मुलं गादी दुमडून आत नेत होती आणि ती दारात उलगडत होती. एजंट म्हणाला, "अरेच्चा." सकाळी अकरापर्यंत ते घर खरंच रिकामं होतं, सव्वाचारला नव्हतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. बाबा फाटकाशी थांबून बघत होते. दाराला दोनच पायऱ्या होत्या, बुटक्या. त्यांनी त्या मोजल्या हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

त्यानंतर कित्येक दिवस आम्ही बघितलेलं प्रत्येक घर त्या न बघितलेल्या घरापुढे फिकं पडत गेलं. "त्या दोन पायऱ्यांच्या घराला केवढी मोठी खिडकी होती," बाबा म्हणायचे. खिडकी आम्ही बाहेरून बघितली होती, आणि तिच्यातून अर्धी गादी दिसत होती. १९७५ साली स्टीफन वॉर्शेल हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. काहींना दहा कुकी असलेल्या बरणीतली कुकी दिली, काहींना दोनच असलेल्या बरणीतली. कुकी सारख्याच, पण दोनवाल्या बरणीतली लोकांना अधिक हवीशी वाटली. सुरुवातीला दहा असून डोळ्यांदेखत दोन झालेल्या बरणीतली त्याहूनही. आणि इतरांनी मागून नेल्यामुळे कमी झाल्यात असं कळलं तेव्हा तर सर्वांत जास्त. गादी नेणारी ती दोन मुलं नसती तर त्या खिडकीचं एवढं काही वाटलं नसतं, असा माझा दाट संशय आहे. बाबांना मी हा प्रयोग सांगितला नाही. त्यांची खिडकी त्यांच्याकडे राहू दिली.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला आवडत नाही. काही घरं असतात, पण आपल्यासाठी नसतात.

एका दुपारी बाई फोनवर अगदी मोकळ्या बोलल्या. घर आहे, तळमजला आहे, किल्ली माझ्याजवळच आहे, आजच या. मग विचारलं, कोण कोण राहणार? मी आणि माझे वडील, मी सांगितलं. "आणि मिस्टर?" नाहीत. "बरं बरं," त्या म्हणाल्या, आणि त्या दोन 'बरं'च्या मध्ये घर गेलं. "अहो, विसरलेच बघा, ते सकाळीच एकांना सांगून ठेवलंय." तासाभराने माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने त्याच नंबरवर फोन लावला. नवरा, बायको, एक मूल. घर होतं. किल्लीही जागच्या जागी होती.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही, आणि माझ्या वाट्याला आलं ते त्या मानाने काहीच नाही. लोकांना आडनावावरून, रंगावरून, धर्मावरून 'गेलं' ऐकावं लागतं. अमेरिकेत १९६८ सालच्या घरांसंबंधीच्या कायद्यात एक कलम खास याच खोटेपणासाठी आहे: घर खरोखर उपलब्ध असताना एखाद्याला त्याच्या वंशामुळे किंवा धर्मामुळे 'उपलब्ध नाही' असं सांगणं बेकायदा. बंदी घर नाकारण्यावर तर आहेच, पण 'गेलं' या शब्दावरही आहे. पुढे १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर व्हर्जिनिया राज्यातलं एक प्रकरण आलं. एक कृष्णवर्णीय महिला आणि एक गोरा पुरुष, दोघांनीही त्याच घरांची चौकशी केली होती. तिला सांगितलं घरं नाहीत, त्याला सांगितलं आहेत. गंमत अशी की दोघांनाही घर नकोच होतं, ते तपासायलाच गेले होते, माझ्या मैत्रिणीसारखे. मग तिचं नुकसान काय झालं? न्यायालयाने म्हटलं, झालं. घर उपलब्ध आहे की नाही याची खरी माहिती मिळणं हा तिचा कायदेशीर हक्क होता. घर घ्यायचा विचार असो वा नसो, त्या हक्कावर खोटं सांगितल्यानेच घाला पडला.

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. घर नव्हे, खरं उत्तर. एवढंच मागायचा हक्क.

बाबांनी त्या बाईंच्या ओळीपुढे 'निरंक' लिहिलं नाही. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "माल रॅकवर आहे. मी खोटं कसं लिहू?"

शेवटी घर मिळालं ते एका 'नाही'मधून. फोनवरच्या बाई वयस्कर होत्या, आवाज कापरा. "गेलं हो ते," म्हणाल्या. "म्हणजे एकांनी घेतो सांगितलंय, पैसे द्यायचेत अजून." तोवर मी शिकले होते की ठरलेले सौदे मोडतात, वाटतं त्याहून पुष्कळ मोडतात. म्हणून म्हटलं, "काकू, त्यांचं फिसकटलं तर मला कळवाल?" त्यांनी नंबर उतरवून घेतला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. असे नंबर मी बऱ्याच जणांना दिले होते. नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "ते घर विचारणाऱ्या तुम्हीच ना? मी शब्द दिला होता म्हणून केला. हवंय अजून?"

'अजून' या वेळी त्यांच्या तोंडी होता. मी लगेच हो म्हणाले, आणि सवयीने विचारून बसले, किल्ली कोणाकडे आहे? "माझ्या कमरेला," काकू म्हणाल्या.

चार पायऱ्या आहेत या घराला. बाबा रोज संध्याकाळी उतरतात. खिडकी त्या खिडकीएवढी मोठी नाही, हे ते मधूनमधून सांगतात.

इथे खरं तर हे संपलं असतं. पण परवा रात्री साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. तरुण मुलगा, आवाज खाली उतरलेला.

"नमस्कार, ते घर आहे का अजून?"

मला कळेचना. मग उमगलं. जुन्या घराचे मालक, ऐंशीच्या घरातले, निघताना मला म्हणाले होते, पोरी, आमच्या या घराची जाहिरात तेवढी टाकून दे, मला ते जमत नाही. मी टाकली होती. हॉलचा फोटो, माझा नंबर. आठवड्यात तिथे बिऱ्हाड आलं. फोन येत राहिले, आधी रोज एक-दोन, मग कमी. मी 'गेलं' म्हणून ठेवून देत होते. एकदा तर मीटिंगमध्ये होते म्हणून उचललाच नाही.

"गेलं हो ते," मी म्हणाले.

पलीकडे ती शांतता. ती मी कुठेही ओळखेन. मग त्याने जे विचारलं ते इतक्या फोनांत मी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. "कधी गेलं?"

"चार महिने झाले."

"चार..." तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. थँक्यू म्हणून फोन ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी जाहिरात उघडली. खाली लिहिलं होतं, '२ दिवसांपूर्वी'. मी काहीसुद्धा केलं नव्हतं, ती आपली आपणच ताजी होत बसली होती. काढून टाकायला पासवर्ड हवा होता, तो आठवेना.

"कोण होतं गं?" बाबा आतून.

"घर विचारत होते."

"कुठलं?"

सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कपाट उघडल्याचा आवाज आला. वही घेऊन बाहेर आले, खुर्चीत बसले आणि पानं उलटायला लागले. आमचं स्वतःचं जुनं घर त्या वहीत असणार कुठून, ते आम्ही कधी शोधलंच नव्हतं. त्यांनी शेवटच्या पानावर नवी ओळ आखली. पत्ता लिहिला. 'कोणाचा नंबर' या रकान्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग शेवटच्या रकान्यात सावकाश 'निरंक', आणि त्याखाली तारीख घालून सही.

"पुस्तक जुळलं," ते म्हणाले. "आता ते तुझं बिनकार्ड काढ खाली."

मी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.